पीच, प्लम, जर्दाळूवरची तपकिरी कूज: वाळक्या फळांपासून काढणीपर्यंत

पीच पिकायला चार-पाच दिवस उरलेले असतात आणि सालीवर एक लहानसा गोल तपकिरी डाग दिसतो. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अख्खं फळ तपकिरी पडतं आणि त्यावर राखाडी भुकटीचे ठिपके उठतात. त्याला टेकलेलं शेजारचं फळही मग वाचत नाही. बहुतेक लोक याच वेळी दुकानात औषध आणायला धावतात. डाग पडलेलं फळ मात्र कोणत्याच औषधाने सुधारत नाही. हा रोग हिवाळ्यात हाताने आणि फुलोऱ्यात पंपाने आवरायचा असतो. काढणीच्या वेळी उरतं ते राखणीचं काम.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड या भागात घरामागे दोन-चार झाडं असलेली किंवा एखाद-दीड एकरात पीच लावलेली मराठी कुटुंबं आहेत. खालचा क्रम त्या हवामानाला धरून लिहिला आहे, कारण तिथे उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि फळ पिकताना हवा दमट असते. या रोगाला नेमकं हेच लागतं. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात फळकूज कमी आणि फुलांचा करपा जास्त दिसतो. जॉर्जियात सगळं महिनाभर आधी येतं. म्हणून कॅलेंडरपेक्षा झाडाची अवस्था बघून काम करा.

रोग हाच आहे ना, ते आधी पाहा

तपकिरी कूज मोनिलिनिया या बुरशीमुळे होते. अमेरिकेच्या पूर्व भागात मुख्य जात मोनिलिनिया फ्रुक्टिकोला. थंड-ओल्या वसंतात जर्दाळू, बदाम आणि आंबट चेरीची फुलं जाळते ती तिची बहीण मोनिलिनिया लॅक्सा. कामाचा क्रम दोघींसाठी एकच.

फळावरची खूण: डाग तपकिरी, कडा गोल, फळ कुजलं तरी बऱ्यापैकी घट्ट, साल चिवट. वर राखाडी किंवा बदामी भुकटीचे पुंजके. फळ पाणी सुटून लिबलिबीत झालं असेल, बोट लावताच साल सरकत असेल आणि वर काळ्या टोकांच्या लांब केसांसारखी बुरशी असेल, तर ती रायझोपस कूज. ती बहुधा काढणीनंतर, टोपलीत होते. वसंतात पानं जाड, लाल आणि सुरकुतलेली झाली तर तो पर्णगुच्छ नावाचा वेगळाच रोग. त्याच्यासाठी पानगळीनंतर मारलेलं तांब्याचं औषध तपकिरी कुजीपासून संरक्षण देत नाही. “हिवाळ्यात एकदा फवारलंय” या समाधानात पुष्कळांचं पीक जातं.

फुलावरची खूण नवख्याच्या नजरेतून निसटते. फूल तपकिरी होऊन कोमेजतं, पण गळत नाही. डिंकाने काडीला चिकटून राहतं. तिथून बुरशी देठातून काडीत उतरते, काडीवर खोलगट चट्टा पडतो, डिंकाचा थेंब येतो आणि चट्ट्याच्या पुढचा शेंडा पानांसकट वाळतो. गोठणाऱ्या थंडीनेही फुलं तपकिरी होतात, पण ती झाडभर सारखी जळतात आणि गळून पडतात. चिकटून राहिलेली फुलं दिसली तर संशय बुरशीचाच धरा.

हिवाळा: ममी गोळा करणे

कुजलेलं फळ वाळून, आकसून, सुरकुतून फांदीवर लटकत राहतं. त्याला ममी म्हणतात. ही ममी म्हणजे पुढच्या वर्षीच्या रोगाचं कोठार. फांदीवरच्या ममीवर आणि काडीवरच्या चट्ट्यांवर वसंतातल्या पावसात नव्याने भुकटी धरते. जमिनीवर पडून अर्धवट गाडल्या गेलेल्या ममीतून फुलोऱ्याच्या सुमारास तपकिरी रंगाच्या वाटीसारख्या इवल्या छत्र्या उगवतात. त्यांची रुंदी अर्धा ते दोन सेंटिमीटर. त्यांतून उडालेले बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, वाऱ्याबरोबर थेट फुलांवर पोचतात. झाडाखाली गुडघे टेकून गवत बाजूला केलंत तर त्या दिसतात. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, म्हणजे पुढचं काम का करायचं ते कोणी सांगावं लागणार नाही.

पानं गळल्यावर ममी स्पष्ट दिसतात. एका झाडाला चारही बाजूंनी फेरी मारा. हात पोचतो तिथल्या हाताने खुडा, वरच्या लांब दांड्याच्या कात्रीने. ममीचा देठ काडीला घट्ट चिकटलेला असतो. नुसतं फळ ओढून देठ मागे ठेवू नका, बुरशी त्या देठातही असते. देठाबरोबर काडीही मेलेली असेल तर मेलेल्या भागाच्या खाली १० ते १५ सेंटिमीटर निरोगी लाकडात काप घ्या. मग जमिनीवरच्या ममी दाताळ्याने ओढून जमा करा.

जमा केलेल्या ममी कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. घरच्या ढिगात पुरेशी उष्णता होत नाही. फूटभर खोल खड्ड्यात पुरा, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून कचऱ्यात द्या. जिथे परवानगी आहे तिथे जाळल्या तरी चालतं. छाटलेल्या रोगट काड्याही कुंपणाशी रचून ठेवायच्या नाहीत.

छाटणीची वेळ महत्त्वाची. ममी कधीही काढा, पण पीचची मुख्य छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस, कळ्या फुगायला लागतात तेव्हा करा. ऐन थंडीच्या आधी घेतलेले काप लवकर भरून येत नाहीत आणि त्यांतून सायटोस्पोरा नावाचा खोडाचा रोग शिरतो. झाड मधून मोकळं, वाटीसारखं ठेवायचं: तीन-चार मुख्य फांद्या बाहेरच्या दिशेने, मधल्या उभ्या फोका काढलेल्या. हेतू एवढाच, की पाऊस थांबल्यावर फुलं आणि फळं लवकर सुकावीत. दाट झाडाच्या पोटात पाऊस गेल्यावरही कितीतरी वेळ ओल टिकते, आणि ओलीचे तास हेच या रोगाचं सगळं गणित आहे.

कुंपणापलीकडे जंगली प्लमची जाळी किंवा कोणी न बघणारं जुनं पीच-चेरीचं झाड असेल तर तिकडेही बघा. तुमची बाग कितीही स्वच्छ असली तरी तिथून बीजाणू येत राहतात. शेजाऱ्याशी बोला. त्याच्या झाडावरच्या ममी काढायला तुम्ही स्वतः गेलात तरी तुमचाच फायदा.

फुलोरा: ओलीचे तास मोजा

या बुरशीला फूल पकडायला पाण्याचा पातळ थर आणि थोडा वेळ लागतो. २० ते २५ अंश सेल्सिअसला, बीजाणू भरपूर असतील तर, तीन ते पाच तासांची ओल पुरते. १० अंशांना साधारण १८ तास लागतात. दव आणि धुकंही ओलीत मोजायचं. पाऊस संध्याकाळी सातला सुरू झाला, पहाटे थांबला, पण फुलं सकाळी अकराला सुकली, तर ओल १६ तासांची झाली. रात्रीचं तापमान १२-१३ अंश असेल तर लागण झाली असंच समजा. मोबाइलवरचा पावसाचा अंदाज पुरत नाही. बागेत जाऊन फूल हातात धरून बघायचं आणि वहीत तास लिहायचे.

फवारणीच्या तीन वेळा असतात: कळी गुलाबी दिसते आणि पहिली थोडी फुलं उघडतात तेव्हा, पूर्ण फुलोऱ्यात आणि पाकळ्या गळताना. गेल्या वर्षी रोग नव्हता आणि फुलोरा कोरडा गेला तर एखादी फवारणी वगळता येते. गेल्या वर्षी ममी होत्या आणि आठवडा पावसाचा असेल तर तिन्ही लागतात. जर्दाळूच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. तो सगळ्यांच्या आधी, थंड पावसात फुलतो आणि त्याची फुलं सर्वांत आधी बळी पडतात.

औषध पावसाच्या आधी मारायचं असतं. कॅप्टन, गंधक ही स्पर्शजन्य औषधं बीजाणूला बाहेरच अडवतात. बीजाणू आत गेल्यावर त्यांचा उपयोग नाही. प्रोपिकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल यांसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषली जाणारी औषधं लागणीनंतर एखाद-दोन दिवस थोडंफार मागे खेचू शकतात. मात्र त्या भरवशावर वाट बघत बसू नका. स्पर्शजन्य औषधाचा ठोकताळा असा: २५ मिलिमीटर पावसाने निम्मा थर धुऊन जातो, ५० मिलिमीटरला जवळपास सगळा. त्यासाठी झाडाजवळ पर्जन्यमापीची साधी नळी रोवून ठेवा.

फुलोऱ्यात कीटकनाशक कधीही मारायचं नाही, मधमाश्या मरतात. बुरशीनाशकही संध्याकाळी, माश्या परतल्यावर मारा.

पंप आणि मिश्रण

तणनाशकासाठी वापरलेला पंप या कामाला घेऊ नका, कितीही धुतला तरी. एका झाडाला किती पाणी लागतं ते आधी साध्या पाण्याने मोजा: पंपात मोजून पाणी भरा, सगळी फुलं-पानं ओली होऊन थेंब गळायच्या बेतापर्यंत फवारा आणि किती संपलं ते लिहून ठेवा. झाड पानांनी भरल्यावर पुन्हा मोजा, आकडा वाढलेला असतो. अमेरिकन लेबलवर मात्रा गॅलनमागे चमच्यांत असते. १ गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, छोटा ५. भुकटी चमच्याने मोजण्यापेक्षा वजनावर मोजलेली बरी.

पंपात निम्मं पाणी घ्या. भुकटी वेगळ्या डब्यात थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, मग पंपात ओता, उरलेलं पाणी घाला आणि फवारताना मधूनमधून पंप हलवत राहा, नाहीतर भुकटी तळाशी बसते आणि पहिल्या झाडाला जास्त, शेवटच्याला नुसतं पाणी मिळतं. एका वेळी लागेल तेवढंच बनवा. कॅप्टन डोळ्यांना फार घातक आहे: बंद गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्या.

दोन जोड्या जमत नाहीत. बागेसाठीचं खनिज तेल मारल्यावर दोन आठवड्यांच्या आत कॅप्टन किंवा गंधक मारू नका, पानं जळतात. गंधक ३२ अंशांच्या वरच्या उन्हातही मारू नका आणि जर्दाळूवर तर मुळीच नको, जर्दाळूला ते सोसत नाही. लेबलवर तुमच्या फळाचं नाव नसेल तर ते औषध त्या फळावर मारायचं नाही. अमेरिकेत लेबल हाच कायदा आहे.

आता गटांबद्दल, कारण नवखा माणूस इथेच फसतो. लेबलवर ‘ग्रुप’ म्हणून आकडा छापलेला असतो. प्रोपिकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल, टेब्युकोनॅझोल ही नावं वेगळी, पण तिन्ही ग्रुप ३. एकामागून एक मारली तरी बुरशीच्या दृष्टीने ते एकच औषध. ॲझॉक्सीस्ट्रॉबिन आणि पायराक्लोस्ट्रॉबिन ग्रुप ११, बॉस्कॅलिड ग्रुप ७. तोच गट पुन्हा पुन्हा मारला की त्याला दाद न देणारे बीजाणू तेवढे उरतात आणि वाढतात. जॉर्जियाच्या पीच बागांत ग्रुप ३ ला न जुमानणारी बुरशी सापडलेली आहे, आणि ग्रुप १ मधल्या थायोफनेट मिथाइलचा प्रभाव तर अनेक भागांत कधीच ओसरला. म्हणून लागोपाठच्या दोन फवारण्यांना एकच गट नको. फुलोऱ्यात शक्यतो स्पर्शजन्य औषधांवर भागवा आणि ग्रुप ३ काढणीआधीच्या दिवसांसाठी राखून ठेवा. खरी गरज तेव्हाच असते.

विरळणी आणि फ्रीजरमधली चाचणी

फळं गोटीएवढी झाली की विरळणी करा. पीच आणि नेक्टरीनमध्ये दोन फळांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर, प्लममध्ये १० ते १५. फळं तोडताना जीव तुटतो हे खरं. पण मोठी झाल्यावर एकमेकांना टेकणारी फळं म्हणजे कुजीला पूल बांधून देणं, कारण टेकलेल्या जागी ओल सुकत नाही आणि औषधही पोचत नाही. तोडलेली फळं झाडाखाली टाकून देऊ नका. त्यांच्यावरही बुरशी वाढते आणि फळ पिकण्याच्या सुमारास तीच बीजाणू पुरवतात.

त्यातलीच काही फळं चाचणीला वापरा. हिरव्या फळात ही बुरशी शिरून गप्प बसू शकते, वरून काही दिसत नाही आणि फळ पिकायला लागलं की उठते. हापूसवरचा करपा ज्यांना माहीत आहे त्यांना हे वागणं ओळखीचं वाटेल. गप्प बसलेली बुरशी आहे की नाही हे बघण्याची रीत कॅलिफोर्नियातल्या बागांत वापरतात आणि घरी सहज जमते:

१. वेगवेगळ्या झाडांवरची, वेगवेगळ्या उंचीची निदान २० हिरवी फळं घ्या. डाग, भोक नसलेली.

२. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दोन-तीन मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. म्हणजे सालीवरचे बीजाणू मरतात आणि आतले तेवढे उरतात.

३. फळं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गोठल्याने फळाच्या पेशी मरतात आणि आतल्या बुरशीला मोकळं रान मिळतं.

४. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या डब्यात, तळाशी ओला कागद आणि त्यावर जाळी ठेवून फळं एकमेकांना न टेकता मांडा. खोलीच्या तापमानाला पाच ते सात दिवस.

फळावर राखाडी-बदामी भुकटी आली तर त्यात बुरशी दडलेली होती. वीसात एखादंही निघालं तर काढणीआधीच्या फवारण्या चुकवायच्या नाहीत. एकही नसेल तर थोडं निश्चिंत राहा. थोडंच, कारण पिकताना बाहेरून येणारी लागण या चाचणीत कळत नाही.

याच सुमारास नत्र हात राखून द्या. जास्त नत्राने झाड दाट होतं आणि फळ मऊ, रोगाला सोपं होतं. पाणी बुंध्याशी द्या, फळांवर उडवू नका. प्लम कर्क्युलिओ आणि ओरिएंटल फ्रूट मॉथ यांचा बंदोबस्त करा, कारण किड्याने पाडलेलं प्रत्येक भोक बुरशीसाठी उघडं दार आहे. चेरीत हेच काम पावसाने तडकलेली साल आणि पक्ष्यांच्या चोची करतात.

दोन-चारच झाडं असतील तर विरळणीनंतर एक फवारणी करून, ती सुकल्यावर प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधा. स्पेनमधल्या कालांदा गावच्या पीचला अशीच एकेक पिशवी घालतात. किडे आणि बाहेरची लागण दोन्ही टळतात. आधीच आत शिरलेली बुरशी मात्र पिशवीतही जागी होते, म्हणून फुलोऱ्यातलं काम चुकवून पिशवीवर विसंबू नका.

रंग चढल्यापासून काढणीपर्यंत

शेवटचे तीन आठवडे सर्वांत नाजूक. फळात साखर वाढते, साल पातळ होते. नेक्टरीनवर तर लवही नसते, त्यामुळे ते पीचपेक्षा लवकर बळी पडतं. पहिली फवारणी काढणीच्या सुमारे तीन आठवडे आधी, दुसरी सात ते दहा दिवस आधी. पाऊस लागला तर काढणीच्या अगदी तोंडावर तिसरी, पण औषध मारल्यापासून फळ तोडेपर्यंत किती दिवस थांबायचं तो लेबलवरचा आकडा पाहूनच. हा आकडा औषधागणिक आणि फळागणिक बदलतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून तो ठरवू नका.

या तीन आठवड्यांत एक दिवसाआड झाडाखाली फेरी हवी. डाग दिसलेलं फळ लगेच तोडा, पण भुकटी धरलेलं फळ झटकू नका. एका झटक्यात हजारो बीजाणू शेजारच्या फळांवर बसतात. उलटी पिशवी हातावर चढवून फळ पकडा, तोडा आणि पिशवी तशीच उलटवून बांधा. आधी निरोगी फळं काढा आणि कुजकी सर्वांत शेवटी. हात, कात्री, टोपली यांवरून रोग सहज पसरतो. लवकर येणारं आणि उशिरा येणारं अशी दोन वाणं असतील तर पहिल्याची काढणी संपताच त्याच्यावर एकही फळ ठेवू नका. तिथली कूज दुसऱ्याला पुरून उरते.

फळ कधी तोडायचं ते लालीवर ठरवू नका. लालीच्या खालचा मूळ रंग हिरव्याचा पिवळसर झाला, की फळ किंचित घट्ट असतानाच काढा. झाडावर मऊ होईपर्यंत ठेवलेल्या फळाची गोडी वाढते हे खरं, पण दमट आठवड्यात ते फळ तुमच्या हाती लागण्याची खात्री नसते. दव सुकल्यावर, पण ऊन तापण्याआधी काढा. तळव्यात धरून हलकं पिरगळून तोडा, बोटं रुतवू नका. दोनपेक्षा जास्त थर रचू नका.

एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, तेच इथेही. घरी आणल्यावर निवड करा, धुऊ नका, एका थरात मांडून खोलीत पिकू द्या आणि पिकल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. न पिकलेलं पीच २ ते ८ अंशांत बरेच दिवस राहिलं तर आतून पिठूळ होतं, म्हणून आधी पिकवणं आणि मग गारवा. विकायचं असेल तर काढल्यानंतर होईल तितक्या लवकर शून्य अंशाजवळ न्या. थंडीत ही बुरशी मरत नाही, फक्त हळू वाढते.

शेवटची काढणी झाल्यावर, पानं अजून झाडावर असतानाच आणखी एक फेरी मारा. उरलेली, पक्ष्यांनी टोचलेली, उंचावर राहून गेलेली सगळी फळं काढून टाका, अजून ती ओली आणि जड आहेत तोवर. वाळलेले शेंडे आणि डिंक आलेल्या काड्या आत्ताच ओळखता येतात, कारण त्यांची पानं मेलेली असतात. पानगळीनंतर जिवंत आणि मेलेली काडी सारखीच दिसते. अशा प्रत्येक काडीला रंगीत फीत बांधून ठेवा आणि हिवाळ्याअखेरीस कात्री घेऊन आधी त्या फितींकडे जा.